थोरलीचा अंगठा

फोन थरथरला तेव्हा धाकटी एका जुन्या खुर्चीच्या पाठीवर पॉलिशचा बोळा फिरवत होती. ओल्या पॉलिशवर हात चालू असताना फोनकडे बघायचं नाही, हा कारखान्याचा नव्हे, तिचा स्वतःचा नियम. हात थांबला की तिथं डाग पडतो, आणि तो डाग खुर्चीत बसणाऱ्याला दिसो न दिसो, तिला जन्मभर दिसत राहतो. पण आज तिनं तिरक्या नजरेनं बघितलंच. पडद्यावर ‘आपली निवड झाली आहे’ एवढेच शब्द उमटले आणि विझले. हात थांबला. डाग पडला. ती त्या डागाकडे बघत राहिली, आणि वाईट वाटायचं सोडून तिला हसूच फुटायला लागलं. पलीकडे मालक एका कपाटाला बिजागरी बसवत होता. त्यानं मान वर करून काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, स्पिरिट नाकात गेलं. इतक्या सहज ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

मागच्या अंगणात, स्पिरिटचे रिकामे डबे रचून ठेवलेल्या भिंतीला पाठ टेकून तिनं मेल उघडली. एकदा वाचली. मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, न जाणो शब्दांची अदलाबदल झाली असेल तर. तसं काही नव्हतं. लांबच्या एका शहरात एक जुनं नाट्यगृह पुन्हा उभं करत होते, त्याच्या खुर्च्या, कठडे, दारं, सज्ज्यांची लाकडी नक्षी, सगळं घासून पुन्हा झळाळीला आणायचं होतं, आणि त्या सगळ्या पॉलिशची जबाबदारी तिच्यावर सोपवायची असं त्यांनी ठरवलं होतं. हाताखाली माणसं मिळणार होती. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला राहायला एक खोली मिळणार होती. कळवायला उशीर झाल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती, आणि त्याच दमात असंही लिहिलं होतं, की आज संध्याकाळपर्यंत आमच्या संकेतस्थळावर जाऊन होकार नोंदवावा, नाहीतर आम्ही पुढच्या उमेदवाराला विचारू. पुढचा उमेदवार कोण असेल तो असो, धाकटीला त्या क्षणी त्याच्याबद्दलही माया वाटली. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते तिला आत्ता कळत होतं. मनगटापासून दंडापर्यंत काहीतरी भरत चाललं होतं, आणि पाय एका जागी ठरायला तयार नव्हते. एवढ्या वयाची बाई अंगणात अशी नाचायला लागली तर मालक काय म्हणेल, म्हणून तिनं एक रिकामा डबा उगाच उचलून दुसऱ्या जागी ठेवला. मग तो पुन्हा पहिल्या जागी ठेवला.

होकार द्यायचा म्हणून तिनं घाईघाईनं संकेतस्थळ उघडलं. त्यानं पासवर्ड मागितला. तो पासवर्ड तिला माहीत नव्हता. तो कुणालाच माहीत नव्हता. फोनमधल्या त्या पेटीनं तो आपल्या मनानंच तयार केला होता, अक्षरं, आकडे, चिन्हं यांची लांबलचक खिचडी, आणि स्वतःच्या पोटात ठेवून घेतला होता. पेटी म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप, पण धाकटी मनात त्याला पेटीच म्हणायची. पेटी उघडायला बोट ठेवावं लागायचं. ‘बोट ठेवा’ असं पडद्यावर आलं, आणि इतका वेळ हसणाऱ्या धाकटीचा चेहरा जरा उतरला. कारण ज्या बोटानं पेटी उघडते ते बोट तिचं नव्हतंच.

तिच्या बोटांवर काही उरलंच नव्हतं. पॉलिशपेपरनं लाकूड घासता घासता लाकडाबरोबर बोटंही घासली जातात, आणि उरलंसुरलं स्पिरिट खातं. चमच्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत बोटं, दहाच्या दहा. कुठल्याच कचेरीत हजेरीच्या यंत्रानं तिला ओळखलं नव्हतं. यंत्रापुढे ती उभी राहिली की मागच्या रांगेत सुस्कारे सुरू व्हायचे आणि शेवटी कुणीतरी वैतागून म्हणायचं, बाई, सही करा आणि चला. पूर्वी तिला त्याचं वाईट वाटायचं. मग त्याची गंमत वाटायला लागली. जगातल्या कुठल्याही वस्तूवर आपण हात ठेवला तरी मागे काही राहत नाही, असं तिला वाटायचं, आणि या विचारानं ती कधी खूश व्हायची, कधी तिचा जीव घाबरा व्हायचा. नवरा गेला त्या वर्षी मात्र हा विचार आला की ती उठून भांडी घासायला घ्यायची, अगदी घासलेली भांडीसुद्धा.

पेटी घेतली ती घरातल्या पासवर्डमुळे. घरात पासवर्ड एकच होता, भावजींच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. थोरल्या दिराचा स्वभावच असा, की एकदा एक गोष्ट चांगली चालली की ती बदलायची नाही. बायको, चहाचा कप, पासवर्ड. विजेच्या बिलापासून फोटोंपर्यंत सगळं त्या नंबरानं उघडायचं, आणि कुणी विसरलंच तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून विचारायची सोय होती. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. कुणाकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, हे खरं, पण लपवण्यासारखं काही असावं असंही कुणाला वाटलं नव्हतं, हेही खरं. नाट्यगृहाची जाहिरात दिसली आणि धाकटीला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यापुरतं असावं. निदान नकार येईपर्यंत. नकार येणार याची तिला खात्रीच होती, आणि तो नकार सगळ्या घरानं जेवणाच्या टेबलावर बसून वाचावा, एवढंच तिला नको होतं.

सुट्टीच्या ज्या दुपारी तिनं पेटी बसवली, ती दुपार आठवून ती डब्यांपाशी पुन्हा हसली. पेटीनं आधी एक मुख्य पासवर्ड ठरवायला सांगितलं: लांब असावा, दुसरीकडे वापरलेला नसावा, कुठं लिहून ठेवू नये. धाकटी आज्ञाधारक. तिनं असा बळकट पासवर्ड केला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याही हाती लागेना. तोवर बोटाची सोय झाली होती म्हणून ती घाबरली नाही. पण ती सोय व्हायला काय काय करावं लागलं! उजवा अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. तर्जनी ठेवली, बोट स्वच्छ करा. साबणानं हात धुतले, पुसले, फुंकरले. डावा हात झाला. करंगळ्या झाल्या. शेवटी ती स्वयंपाकघरात खाली बसली, फोन फरशीवर ठेवला आणि पायाचा अंगठा टेकवायला लागली. ओट्यापाशी बटाटे सोलत असलेली थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, मागे वळली आणि बघतच राहिली. हे काय चाललंय, म्हणून तिनं विचारलं. फोन मला ओळखत नाही, असं धाकटी म्हणाली, आणि म्हणताना तिला रडू येईल की काय असं झालं. थोरलीनं काही विचारलं नाही. सोलणी खाली ठेवली, अंगठा कमरेशी कपड्याला पुसला, वाकली आणि म्हणाली, घे माझा. फोननं तो अंगठा एका झटक्यात पसंत केला. अजून एकदा, थोडा तिरका, थोडा वर, असं करत थोरलीचा सगळा अंगठा फोननं शिकून घेतला, आणि ती, झालं का, म्हणून पुन्हा बटाट्यांकडे वळली.

तेव्हापासून तीच रीत पडली. पेटी उघडायची असली की धाकटी फोन पुढे करायची. थोरली काहीही करत असो, ती अंगठा कमरेशी पुसायची, फोनवर ठेवायची आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघायची. पेटी उघडली की हात मागे. काय आहे, कशाला, कुणाला, एक शब्द नाही. कधी ती शेगडीसमोर असली तर पाठमोरी उभी राहूनच हात खांद्यावरून मागे द्यायची. अर्ज भरला तो असा. खुर्च्यांचे, कपाटांचे, तिनं झळाळीला आणलेल्या एका बुद्धिबळाच्या टेबलाचे फोटो पाठवले ते असे. त्यांनी काही विचारलं, त्याचं उत्तर लिहिलं तेही असंच. एकूण एक दार थोरलीनं उघडून दिलं होतं, आणि ते कुठं उघडतंय हे तिला ठाऊक नव्हतं. धाकटीच्या हे आत्ता लक्षात आलं. होकारही तिच्याच अंगठ्यानं द्यायचा होता. ज्या घरातून जायचं, त्या घराच्या मालकिणीनं स्वतःच्या हातानं दार उघडून द्यायचं, तेही खिडकीबाहेर बघत.

मालकाला तिनं सांगितलं की आज लवकर जाते, घरी काम आहे. खुर्चीवरचा डाग तसाच राहिला. तो उद्या काढता येईल, असं तिला वाटलं, आणि उद्या हा शब्द मनात आला तोच मुळी वेगळ्या चवीचा. रस्त्यावर आली तर सगळं नेहमीचंच होतं, चष्म्याचं दुकान, चपला दुरुस्त करणारा, बँकेच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलेलं कुत्रं, पण प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी नुकताच पॉलिशचा ताजा हात दिल्यासारखं सगळं चमकत होतं. बस आली. खिडकीची जागा मिळाली. दवाखान्यापर्यंत बराच रस्ता होता. थोरली दुपारची एका दवाखान्यात रोग्यांची नावं नोंदवून घ्यायला बसायची. धाकटीनं पुन्हा मेल वाचली, पुन्हा संकेतस्थळ उघडलं, आणि या वेळी तिला पासवर्डच्या रकान्याखाली बारीक अक्षरांतली ओळ दिसली: पासवर्ड विसरलात? एवढा वेळ ती तिथंच असणार. दाबलं की मेलवर दुवा येणार, नवा पासवर्ड करायचा, आत जायचं, होकार द्यायचा. पेटी नको, अंगठा नको. पुढचा थांबा यायच्या आत सगळं होऊन गेलं असतं.

तिचं बोट त्या ओळीवर जाऊन थांबलं. काय वाईट होतं त्यात? संध्याकाळी जेवताना सांगायचं, झालेलं सांगायचं. भावजी चष्मा पुसतील. थोरली अरे वा म्हणेल. झालेल्या गोष्टीवर कोण काय बोलणार? न झालेल्या गोष्टीवर मात्र बोलता येतं, आणि न बोलताही राहता येतं, आणि थोरलीचं न बोलणं धाकटीला फार चांगलं माहीत होतं. नवरा गेला तेव्हा बाहेरच्या खोलीत नातेवाईक जमले होते, धाकटीनं आता कुठं राहावं याचा खल चालला होता, कुणी माहेर म्हणत होतं, कुणी वसतिगृह म्हणत होतं, आणि धाकटी भिंतीला लागून, आपण कुणा तिसऱ्याबद्दलचं बोलणं ऐकतोय अशी बसली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून थोरलीचा आवाज आला, ती कुठं जाणार नाही, इथंच राहील. बस्स. नातेवाईक चहा पिऊन गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या वाक्यानं धाकटीचा जीव भांड्यात पडला होता. त्या वाक्याच्या आधारानं ती उभी राहिली, कामाला लागली, पुन्हा हसायला शिकली. पण अलीकडे अलीकडे, एखादं लाकूड घासताना, मधूनच तेच वाक्य ऐकू यायचं, आणि कुठं जाणार नाही हे शब्द तिला वेगळेच वाटायचे. असं वाटल्याबद्दल ती मग स्वतःवरच चिडायची. ज्या बाईनं घर दिलं तिच्याबद्दल असा विचार! कृतघ्न म्हणतात तो प्राणी हाच असावा.

आणि समजा, फोन पुढे केला आणि थोरलीचा चेहरा पडला, तर? ती नाही म्हणणार नाही. ती कधीच नाही म्हणत नाही. पण तिचा चेहरा पडला तर आपण होकार देणार नाही, हे धाकटीला लख्ख माहीत होतं. स्वतःची ती तेवढी ओळख बाळगून होती. मेल पुसून टाकू, उद्या खुर्चीवरचा डाग काढू, आणि नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरेल. मग दाब ना, दाबून टाक. थांबा आला, गेला. शेजारी बसलेल्या बाईनं तिच्याकडे दोनदा बघितलं, कारण धाकटी हसत होती. एवढं सगळं मनात चाललेलं असताना ते हसू काही केल्या जाईना. आणि त्या हसण्यापाशीच तिला आपलं उत्तर सापडलं. तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं. आत्ता, ताबडतोब, ते गार व्हायच्या आत सांगायचं होतं. शेजारच्या बाईला सांगावं इतकी ती उतावीळ झाली होती. पण खरं सांगायचं माणूस जगात एकच होतं, आणि त्याच माणसाला सोडून जायचं होतं. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि दवाखान्याच्या थांब्यावर उतरली.

थोरली काचेमागे बसली होती. काचेला खालच्या बाजूला कागद सरकवण्यापुरती फट होती, आणि समोरच्या बाकांवर खोकणारे, कण्हणारे, नुसतेच कंटाळलेले लोक बसले होते. धाकटीला बघून थोरली अर्धवट उठली. बरं आहे ना, काय झालं, हात कापला का, असं तिनं एका दमात विचारलं. धाकटीनं मान हलवली आणि फटीतून फोन आत सरकवला. थोरलीचा जीव खाली पडलेला दिसला. तिनं सवयीनं अंगठा कमरेशी पुसला, फोनवर ठेवला आणि मान फिरवली. खिडकी मागच्या बाजूला होती म्हणून तिला चांगलंच वळावं लागलं. पेटी उघडली. पासवर्डच्या रकान्यात टिंबांची रांग भरली गेली, पान उघडलं, आणि ‘होकार नोंदवा’ असं हिरवं बटण समोर आलं. खाली मेलमधला सगळा मजकूर होता. आता फटीतून हात घालून फोन ओढून घ्यायचा की झालं. थोरली तशीच बाहेर बघत बसली असती. धाकटीचा हात फटीपर्यंत गेला, आणि तिथंच राहिला.

“ताई, बघा,” ती म्हणाली.

“नको गं. तुझं तुझ्याकडे.”

“बघा. तुम्ही बघितल्याशिवाय मी दाबणार नाही.”

थोरली वळली. तिनं चष्मा लावला, फोन जरा लांब धरला आणि वाचायला लागली. वाचताना तिचे ओठ हलायचे, तसे हलत होते, आणि धाकटी काचेतून त्या ओठांवरून ती कुठल्या ओळीवर आली आहे ते ओळखत होती. नाट्यगृह. जबाबदारी. लांबच्या शहराच्या नावापाशी ओठ थांबले. पुन्हा चालू झाले. खोलीपाशी पुन्हा थांबले. रांगेत पहिल्या नंबरवर एक आजोबा होते, ते खोकले आणि त्यांनी आपला कागद काचेवर हलकेच आपटून बघितला. थोरलीनं वर पाहिलं नाही. बसमध्ये आपण किती शहाणपणा केला, आता भोग, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“काही कमी पडलं का गं तुला इथं?” थोरलीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो धाकटीला सहन होईना.

नाही, काहीच कमी पडलं नाही, असं ती म्हणाली. ते खरंच होतं. थोरली अजून बघत होती. आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ते इतकं साधं होतं, की एवढी वर्षं ते सांगायचं कसं राहिलं याचंच धाकटीला नवल वाटलं.

“ताई, मला जायचंय.”

थोरलीचा चेहरा पडला. पडायचा तो पडलाच. धाकटीनं तो पडताना बघितला, डोळे न मिटता बघितला, आणि आपण आता फोन परत घेऊ, जाऊ द्या म्हणू, अशी ती वाट बघत राहिली. पण तसं काही तिच्या तोंडून येईना. आतली उकळी तशीच होती, उलट वाढलीच होती, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं तरी ती हसतच होती. थोरलीला काचेपलीकडून ते हसू दिसलं असावं. तिनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा धाकटीकडे, आणि फोन फटीतून बाहेर सरकवला.

“दाब,” ती म्हणाली. “पण खोलीला खिडकी आहे का ते आधी विचारून घे. स्पिरिटचा वास कोंडतो.”

धाकटीनं दाबलं. तिच्या त्या गुळगुळीत बोटाला बटण मात्र तेवढं दाबता यायचं. आपला होकार नोंदवला गेला आहे, असं पडद्यावर आलं आणि ती काचेला कपाळ टेकून उभी राहिली. आजोबांनी पुन्हा कागद आपटला. थोरलीनं त्यांना हातानं थांबवलं आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की जरा दम धरा, माझ्या जावेला लांब नोकरी लागलीय. मग थांबतो की, असं आजोबा म्हणाले, आणि बाकावरची एक बाई पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून कण्हत होती ती कण्हायची थांबून धाकटीकडे कौतुकानं बघायला लागली. कुणीतरी नाट्यगृह कुठलं म्हणून विचारलं. धाकटीनं सांगितलं. अनोळखी माणसांसमोर ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेताना तिचा आवाज इतका चढला, की ती स्वतःच दचकली.

मग थोरली काचेच्या फटीशी वाकली. एवढ्या गडबडीत तिला एक गोष्ट सुचली होती, धाकटीला सुचली नव्हती ती.

“आणि तिथं हे कोण उघडून देणार तुला?”

धाकटीनं फोनकडे बघितलं. पेटी, तो हरवलेला मुख्य पासवर्ड, दहा कोरी बोटं. एरवी तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “नवं करीन. पाठ करीन.”

थोरलीचे डोळे भरून आले होते, आणि ते तिनं लपवले नाहीत, चष्मा वर करून हातानंच पुसले.

“मग बरं आहे,” ती म्हणाली, आणि तिनं आजोबांना नाव विचारलं.